फ्रिट्झ बाउअर आणि १९६९ चा तो निकाल

ज्यूंच्या संहाराची व्यवस्था पाहणारा फरार नाझी अधिकारी आइशमन, त्याचा ठावठिकाणा इस्रायलला गुपचूप कळवणारा जर्मन सरकारी वकील, अशीच फ्रिट्झ बाउअर यांची ओळख आता बहुतेकदा करून दिली जाते. ती चुकीची नाही, पण अपुरी आहे.

श्टुटगार्टच्या ज्यू कुटुंबातला जन्म, १९३० मध्ये न्यायाधीशपद, १९३३ मध्ये बडतर्फी आणि छळछावणी, पुढे डेन्मार्क व स्वीडनमध्ये आश्रय. १९४९ मध्ये ते परतले आणि १९५६ पासून हेसे राज्याचे मुख्य सरकारी वकील झाले.

त्यांच्या पुढाकारातून डिसेंबर १९६३ मध्ये फ्रँकफर्टला ऑशविट्झ या नाझी संहारछावणीतल्या कर्मचाऱ्यांवरचा खटला उभा राहिला. वंशसंहाराचे कलम जर्मन कायद्यात १९५४ मध्ये आले होते आणि ते मागच्या गुन्ह्यांना लावता येत नव्हते. त्यामुळे आरोप नेहमीच्या खुनाच्या कलमाखालीच ठेवावे लागले. बाउअर यांचे म्हणणे असे, की संहारछावणीचे कामकाज हेच मुळी एक कृत्य आहे. माहीत असून त्यात जो राबला, तो त्या खुनांना जबाबदार. न्यायालयाने मात्र प्रत्येक आरोपीच्या प्रत्येक कृत्याचा वेगळा पुरावा मागितला. ऑगस्ट १९६५ मध्ये वीसपैकी सतरा जण दोषी ठरले, जन्मठेप फक्त सहांना झाली. कमांडंटचा सहायक अधिकारीसुद्धा खुनी नव्हे, तर खुनाला ‘साहाय्य’ करणारा ठरला आणि त्याला चौदा वर्षांचीच शिक्षा झाली.

जुलै १९६८ मध्ये बाउअर गेले. फेब्रुवारी १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने छावणीतल्या एसएस (नाझींचे निमलष्करी दल) दंतवैद्याची निर्दोष मुक्तता कायम केली: संहाराच्या यंत्रणेत कोणत्याही पदावर असणे एवढ्यावरून कोणी दोषी ठरत नाही. फौजदारी कायद्यात दोष ज्याचा त्याचाच असतो, हे निकालाच्या समर्थकांचे म्हणणे सहज झटकण्यासारखे नाही. पण परिणाम पाहा. लुटलेल्या पैशांचा हिशेब ठेवणाऱ्या ऑशविट्झच्या एका एसएस सैनिकाविरुद्धची चौकशी १९८५ मध्ये बंद झाली. म्युनिकच्या न्यायालयाने २०११ मध्ये सोबिबोर संहारछावणीच्या एका पहारेकऱ्याला विशिष्ट कृत्याच्या पुराव्याविना दोषी धरल्यावरच वाट मोकळी झाली. मग २०१५ मध्ये त्याच हिशेबनिसाला तीन लाख खुनांना साहाय्य केल्याबद्दल चार वर्षांची शिक्षा झाली. सर्वोच्च न्यायालयाने ती २०१६ मध्ये कायम केली. तरी १९६९ चा निकाल चुकला असे म्हटले नाही, दोन प्रकरणे वेगळी आहेत एवढेच सांगितले. तो निकाल चुकला, ही कबुली बाउअर यांना मिळायला हवी होती.

त्यांच्या नावाची संशोधन संस्था १९९५ पासून फ्रँकफर्टमध्ये काम करते. खटल्यातल्या साक्षींच्या ध्वनिफिती २०१७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृतिनोंदीत गेल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये श्टुटहोफ छावणीच्या कचेरीत टंकलेखन करणाऱ्या महिलेची शिक्षाही सर्वोच्च न्यायालयाने कायम केली.