घाटापलीकडच्या मेंढीची वंशावळ

धनगर म्हटलं की गोव्याबाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे मेंढ्यांचा कळप येतो. पण सत्तरी, सांगे, काणकोणच्या डोंगरांतला आपला गवळी धनगर पिढ्यान् पिढ्या म्हशी आणि शेळ्या राखत आला. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळणाऱ्या मुलखात मेंढीची लोकर सुकत नाही, चिखलात खूर कुजतात. आपल्या शेतात मेंढी पोचली ती कांबळीच्या रूपात. दख्खनी मेंढीची काळी, जाडीभरडी लोकर, ताण्याला चिंचोक्याची खळ, आणि पावसात नांगर धरणाऱ्याच्या डोक्यावर तिचीच खोळ.

या दख्खनी मेंढीचं मूळ कुठलं? बलुचिस्तान-अफगाणिस्तानच्या डोंगरांतली उरियल ही रानमेंढी तिची पूर्वज असावी, असं एके काळी मानलं जाई. पण उरियलची गुणसूत्रं ५८, पाळीव मेंढीची ५४. पश्चिम आशियातल्या मुफ्लॉन या रानमेंढीचीही ५४च. आईकडूनच येणाऱ्या मायटोकाँड्रियाच्या डीएनएनेही मुफ्लॉनच्याच बाजूने कौल दिला. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी तिकडे माणसाळलेली मेंढी पुढे भारतात आली.

आईकडून येणाऱ्या या डीएनएवरून जगभरच्या पाळीव मेंढ्यांत पाच मातृशाखा सापडल्या आहेत. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी दख्खनी, कर्नाटकातली बन्नूर आणि सुंदरबनातली गारोल अशा ७३ मेंढ्या तपासल्या. २००७ साली आलेला निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो. सगळ्या मेंढ्या 'ए' या एकाच शाखेतल्या निघाल्या, तरी तीन जातींत या डीएनएचा एकही क्रम समान नव्हता. आजी एकच, पण घरं कधीची वेगळी झालेली.

गारोलची आणखी एक खूण दूरवर गेली आहे. १७९०च्या दशकात कलकत्त्याहून ऑस्ट्रेलियाला नेलेल्या बंगाली मेंढ्यांबरोबर जुळी-तिळी होण्याचा जनुक तिकडच्या मेरिनो या लोकरीच्या मेंढ्यांत शिरला, असं मानतात. २००१ मध्ये त्यातला नेमका बदल सापडला. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने तोच जनुक गारोलकडून दख्खनीत आणला.

आता लोकरीला भाव नाही, म्हणून मटणासाठी दख्खनी कळपांत माडग्याळ जातीचे नर सोडले जातात. मेंढ्या त्याच, नर परके. अशा कळपातला आईकडचा डीएनए उद्याही दख्खनीच दिसेल, अंगावरची काळी लोकर मात्र गेलेली असेल. म्हणून नराकडून येणारा वारसाही आत्ताच, शुद्ध कळप हाताशी आहेत तोवर, नोंदवून ठेवायला हवा.