‘द ऑफुल ट्रुथ’: घटस्फोटाला नव्वद दिवस

‘द ऑफुल ट्रुथ’ १९३७ साली पडद्यावर आला तेव्हा त्याची गोष्ट शिळी झालेली होती. आर्थर रिचमन यांचं मूळ नाटक ब्रॉडवेवर १९२२ मध्ये आलं. त्यावर १९२५ मध्ये मूकपट निघाला, १९२९ मध्ये बोलपटही. एकमेकांवरच्या संशयापायी घटस्फोट घेणारं श्रीमंत जोडपं, एवढाच तो ऐवज.

मधल्या काळात हॉलिवूड बदललं होतं. १९३४ पासून प्रॉडक्शन कोडची, म्हणजे चित्रपटांत काय दाखवायचं याच्या नियमावलीची, कडक अंमलबजावणी सुरू झाली आणि स्त्री-पुरुषांमधली ओढ पडद्यावर दाखवणं अवघड झालं. त्यातून काढलेली एक वाट मला फार हुशारीची वाटते: भांडणारी जोडी मुळात नवरा-बायकोच ठेवायची. इथे न्यायालय घटस्फोट देतं, पण तो नव्वद दिवसांनी कायम होणार असतो. तेवढे दिवस जेरी आणि लूसी धड नवरा-बायको नाहीत, धड परकेही नाहीत. सगळी गंमत या मुदतीत आहे. शेवटच्या रात्री तर बाराच्या ठोक्यापर्यंत जीव टांगणीला लागतो. तत्त्वज्ञ स्टॅनली कॅव्हेल यांनी १९८१ च्या पुस्तकात अशा चित्रपटांना ‘पुनर्विवाहाच्या विनोदिका’ म्हटलं.

पण नुसत्या युक्तीवर चित्रपट तरत नाही. हा तरला तो दिग्दर्शक लिओ मॅकॅरी यांच्यामुळे. ते हॅल रोचच्या स्टुडिओत, मूकपटांच्या विनोदात तयार झालेले. लॉरेल-हार्डीची जोडी जमवण्यात त्यांचा मोठा वाटा. पटकथेचं श्रेय व्हिन्या डेलमार यांना आहे, पण मॅकॅरी सेटवर पियानो वाजवत बसायचे आणि सुचेल तसा प्रसंग नटांकडून करवून घ्यायचे. जेरी झालेला कॅरी ग्रँट इतका धास्तावला, की त्याने चित्रपट सोडू देण्याची विनंती केली. लूसीच्या नव्या प्रियकराचं काम करणाऱ्या राल्फ बेलामीशी भूमिका बदलायचीही तयारी दाखवली. कोलंबिया स्टुडिओने सोडलं नाही, हे आपलं भाग्य. पुढे जगाने ज्याच्यावर प्रेम केलं तो रुबाबदार आणि खट्याळ ग्रँट इथेच घडला. बेलामीला गाता येत नव्हतं, म्हणूनच मॅकॅरींनी त्याला लूसी झालेल्या आयरीन डनच्या पियानोवर गायला लावलं. तो प्रसंग मी कितीही वेळा पाहिला तरी हसू आवरत नाही.

मूकपटाची ती तालीम इतरत्रही दिसते. जेरी फ्लोरिडाला गेल्याची थाप मारतो आणि तिथली म्हणून संत्री आणतो; संत्र्यावर शिक्का कॅलिफोर्नियाचा! शब्दाविना थाप उघडी पडते. कुत्रा कोणाकडे राहायचा, हा न्यायालयातला तंटाही कुत्र्याच्या आवडत्या खेळण्यावर सुटतो.

ऑस्करची सहा नामांकनं मिळाली आणि मॅकॅरी सर्वोत्कृष्ट दिग्दर्शक ठरले. पुरस्कार चुकीच्या चित्रपटासाठी मिळाला, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांचा जीव अडकला होता त्याच वर्षीच्या ‘मेक वे फॉर टुमॉरो’मध्ये. त्यातल्या म्हाताऱ्या जोडप्याला एकमेकांना सोडायचं नसतं. मुलं त्यांना वेगळं करतात.