कपातीच्या फेऱ्या आणि उरलेल्यांचे राजीनामे : सातारा-सांगलीच्या औद्योगिक इतिहासातून दिसणारी पार्श्वभूमी

अडचणीत आलेली कंपनी पहिली कपात करते तेव्हा व्यवस्थापनाचा हिशेब साधा असतो. पगाराचा खर्च इतका कमी होईल, उरलेल्या माणसांत काम भागेल आणि दोन-चार तिमाहींत गाडी रुळावर येईल, अशी मांडणी संचालकांपुढे ठेवली जाते. दुसऱ्या किंवा तिसऱ्या फेरीनंतर मात्र हा हिशेब बिघडू लागतो, कारण ज्यांची नावे कोणत्याच यादीत नव्हती आणि ज्यांच्या भरवशावर पुढची योजना आखलेली होती, तेच लोक राजीनामे देऊ लागतात. बाहेरून पाहणाऱ्याला हे भीतीपोटी घडते असे वाटते. भीती असतेच, पण सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतल्या कारखानदारीचा इतिहास पाहिला, तर या राजीनाम्यांमागे भीतीपेक्षा एक थंड डोक्याचा हिशेब अधिक दिसतो. तो हिशेब कंपनीच्या शब्दाची किंमत किती उरली याचा असतो आणि त्याची आकडेमोड कायद्याने, पतपुरवठ्याच्या व्यवस्थेने आणि मागच्या पिढीच्या अनुभवाने ठरवलेली असते.

या भागात कारखान्याच्या नोकरीची मूळ कल्पनाच दीर्घ नात्याची होती. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानात कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली, तेव्हा कारखान्याबरोबर राहण्याची वसाहतही उभी राहिली. साताऱ्यात धनजीशहा कूपर यांनी १९२२ मध्ये अभियांत्रिकी कारखाना सुरू केला. नांगर, पंप, इंजिने बनवणाऱ्या या कारखान्यांत शेतकऱ्याची मुले कारागीर झाली, आणि ‘कायम’ होणे हा घराच्या प्रतिष्ठेचा विषय बनला. बाप निवृत्त झाला की मुलाला घ्यायचे, ही अनेक कारखान्यांत रुळलेली रीत होती. अशा नोकरीत माणूस फक्त महिन्याच्या पगारासाठी काम करत नव्हता. आज कमी घेऊन पुढे मिळेल, या न लिहिलेल्या करारावर तो विसंबून होता.

या कराराला मोठा तडा गेला तो मुंबईत. साताऱ्याच्या पाटण, जावळी, माण, खटाव या तालुक्यांतून कित्येक पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत कामाला गेल्या होत्या. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या आणि माणसे गावाकडे परतली. त्यातल्या अनेकांनी कोणीतरी बोलावेल म्हणून वर्षानुवर्षे वाट पाहिली. ज्या बदली कामगारांना मुळातच रोजची हमी नव्हती, त्यांच्यातले बरेच जण लवकर दुसऱ्या धंद्याला लागले. कायम असलेले अधिक काळ अडकून पडले, कारण त्यांची देणी कंपनीकडे होती. आज चाळिशीत असलेल्या इथल्या कामगाराने हा किस्सा घरातच ऐकलेला असतो. कंपनी डळमळली की ‘आधी निघालेला सुटला’ हे वाक्य त्याला कोणी शिकवावे लागत नाही.

कायद्याची बाजू थोडी तपशिलाने पाहायला हवी, कारण कोण जातो आणि कोण थांबतो हे बऱ्याच अंशी तिथेच ठरते. औद्योगिक विवाद कायदा १९४७ चा. परंतु कपातीच्या भरपाईची तरतूद त्यात १९५३ साली आली. एक वर्ष सलग काम केलेल्या कामगाराला कमी करायचे असेल तर महिन्याची नोटीस आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागेल, असे ठरले. काम नसल्याने तात्पुरते घरी बसवलेल्या कामगाराला मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या निम्मी रक्कम मिळू लागली. शेवटी आलेला आधी जाईल, हे तत्त्वही कायद्यात आले. १९७६ मध्ये ३०० किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांना कपातीपूर्वी सरकारची परवानगी सक्तीची झाली, आणि पुढे १९८२ च्या दुरुस्तीने ही मर्यादा १०० वर आणली गेली.

परवानगी सहसा मिळत नसे, म्हणून कंपन्यांनी स्वेच्छानिवृत्ती योजनेची (व्हीआरएस), म्हणजे ठरावीक रक्कम देऊन कामगाराला स्वतःहून निघायला लावण्याची वाट धरली. १९९१ नंतर व्हीआरएस हा शब्द साताऱ्याच्या चहाच्या टपरीवरही रुळला. येथे एक गोम आहे. आयकरात सवलत मिळण्यासाठी अशी योजना दहा वर्षे सेवा किंवा चाळीस वर्षे वय पूर्ण केलेल्यांसाठी असावी लागते. म्हणजे दहा वर्षे सेवा न झालेला तिशीतला कुशल कामगार या रकमेला पात्रच नसतो. त्याला थांबण्याचे बक्षीस नाही आणि जाण्याचेही नाही, त्यामुळे बाहेर संधी दिसताच तो साधा राजीनामा देऊन निघतो. शिवाय बहुतेक योजनांत अर्ज नाकारण्याचा अधिकार व्यवस्थापन स्वतःकडे ठेवते. टूलरूममधल्या, म्हणजे साचे आणि हत्यारे बनवणाऱ्या विभागातल्या, एखाद्या जाणत्या माणसाचा अर्ज नाकारला गेला, की आपण कंपनीला किती हवे आहोत हे त्याला कळते, आणि आपल्याला अडवून ठेवण्यासाठी कंपनी काहीच जास्त देत नाही हेही त्याच दिवशी कळते. असा माणूस पुढे फार काळ टिकेल अशी अपेक्षा करणे मला भाबडेपणाचे वाटते.

बाजार बदलला की चांगला चाललेला कारखानाही कसा आक्रसतो, याचे उदाहरण साताऱ्याच्या वेशीवरच आहे. १९७५ मध्ये बजाज ऑटो आणि पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ यांनी मिळून महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी स्थापन केली आणि तिच्या सातारा कारखान्यातून ‘प्रिया’ स्कूटर बाहेर पडू लागली. एके काळी स्कूटरसाठी नंबर लावून वाट पाहावी लागे. १९८५ पासून कमी पेट्रोल पिणाऱ्या मोटरसायकली आल्या, नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी स्कूटरला मागे टाकले, आणि २००६ च्या सुमारास साताऱ्यातले स्कूटरचे उत्पादन थांबले. कंपनी मोडली नाही. ती डाय, जिग, फिक्स्चर अशा कामाकडे आणि मुख्यतः गुंतवणुकीच्या व्यवसायाकडे वळली. कंपनी टिकणे आणि त्या कंपनीतले काम टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सातारकरांनी तेव्हा जवळून पाहिले.

लोक का जातात याचा अभ्यास बाहेरही झाला आहे. अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये असे मांडले की संस्थेची घसरण सुरू झाली की सदस्यापुढे बाहेर पडणे किंवा आवाज उठवणे असे दोन मार्ग असतात, आणि दर्जाची सर्वाधिक चाड असलेलेच बरेचदा प्रथम बाहेर पडतात. त्यामुळे आत राहून सुधारणा घडवू शकणारा आवाजच नाहीसा होतो. चार्ली ट्रेव्हर आणि अँथनी नायबर्ग यांनी २००८ मध्ये अमेरिकी कंपन्यांची आकडेवारी तपासली, तेव्हा एक टक्का कपात केलेल्या कंपन्यांत स्वतःहून सोडून जाण्याचा दर सरासरी ३१ टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. ही वाढ मूळ दरावरची आहे, म्हणजे शंभरातले दहा जात असतील तर तेरा जाऊ लागतात. तरीही इतक्या लहान कपातीचा इतका मोठा परिणाम व्हावा ही गोष्ट व्यवस्थापनाच्या हिशेबात नसते. १९९१ मध्ये रॉबर्ट गिबन्स आणि लॉरेन्स कॅट्झ यांनी दाखवले की निवडून कमी केलेल्या माणसाला पुढची नोकरी मिळायला जास्त वेळ लागतो आणि पगारही कमी मिळतो. संपूर्ण कारखाना बंद पडून बाहेर आलेल्याला हा डाग लागत नाही. विशेषतः कार्यालयीन नोकरदारांत हा फरक ठळक होता. यादीत नाव येण्याआधीच राजीनामा देण्यात शहाणपण का असते, याचे उत्तर येथे मिळते.

कारखान्याच्या आत हे सारे एका ठरावीक क्रमाने घडते. सर्वांत आधी ठेकेदाराची माणसे कमी होतात; त्यांना नोटीस नसते, उद्या येऊ नका एवढेच सांगितले जाते. मग ट्रेनी, मग ऑफिसर, आणि कायम कामगारांचा विषय शेवटी निघतो. पण बातमी या क्रमाने फिरत नाही. ओव्हरटाइम बंद होतो, कोरेगाव किंवा कराडकडची कंपनीची बस बंद होते, कच्चा माल देणारे रोख पैसे मागू लागतात, मेंटेनन्सच्या सुट्या भागांची मागणी मंजूर होत नाही. खरेदी आणि लेखा विभागातली माणसे म्हणूनच अनेकदा सर्वांआधी बाहेर पडतात. २०१४ मध्ये भविष्यनिर्वाह निधीला यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा खातेक्रमांक, आल्यापासून आणखी एक खिडकी उघडली आहे. पगारातून कापलेली रक्कम खात्यात भरली गेली की नाही, हे आता कोणालाही मोबाइलवर दिसते. पूर्वी वर्षाकाठी येणाऱ्या चिठ्ठीवर जे कळत असे ते आता महिन्याभरात कळते. ‘कंपनीची स्थिती भक्कम आहे’ असे गेटसभेत सांगणाऱ्या अधिकाऱ्याचे भाषण आणि तीन महिने कोरे असलेले पासबुक यांतल्या कशावर विश्वास ठेवायचा, हा प्रश्न मग कोणाला पडत नाही.

या दोन जिल्ह्यांत याला आणखी एक पदर आहे, आणि व्यवस्थापनशास्त्राच्या चर्चेत तो सहसा येत नाही. येथे बहुतेक मोठ्या कारखान्यांत कामगारांची स्वतःची पगारदार पतसंस्था असते. घर, लग्न, शिक्षण, विहीर यांसाठीचे कर्ज तिथूनच निघते आणि जामीनदार म्हणून शेजारच्या मशिनवरचे सहकारी सही करतात. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यानुसार हप्ता थेट पगारातून कापता येतो, त्यामुळे कारखाना चालू असेतो ही व्यवस्था अत्यंत सुरक्षित असते. कपात सुरू झाली की तिचे स्वरूप पालटते. कमी केलेल्या माणसाचा हप्ता थांबला की वसुली जामीनदाराच्या पगाराकडे वळते. तीन मित्रांना जामीन असलेल्या कामगाराला स्वतःची नोकरी शाबूत असूनही कपातीची झळ लागते, ती अशी. दुसऱ्या फेरीपर्यंत लोक एकमेकांच्या कर्जाची चौकशी करू लागतात. काही जण नोकरी सोडताना मिळणाऱ्या हिशेबाच्या रकमेतून आपले कर्ज फेडून मोकळे होण्यासाठी राजीनामा देतात. काही जण आपण गेलो तर जामीनदार अडकेल या संकोचाने थांबतात. ज्या परस्परविश्वासावर हा कारखाना आणि ही पतसंस्था दोन्ही उभ्या होत्या, तोच विश्वास अशा वेळी लोकांना बाहेरही ढकलतो आणि आतही बांधून ठेवतो. कोणत्या बाजूने ओढ जास्त बसेल हे वय, कर्ज आणि घरची शेती यांवर अवलंबून असते.

शेतीचा उल्लेख ओघात आला, पण तो महत्त्वाचा आहे. कृष्णाकाठी उसाची दोन एकर बागायत असलेला कामगार पगार चार महिने थकला तरी तग धरतो. माण, जत, आटपाडीकडच्या दुष्काळी पट्ट्यातल्या माणसाला ती सोय नाही; मात्र बाहेर पडण्याची सवय त्याच्या भागाला जुनीच आहे. विटा-खानापूर-आटपाडीचे गलाई (सोने-चांदी गाळणारे) व्यावसायिक देशभर पसरले ते याच सवयीने. साखर कारखान्यांत वेगळेच चित्र दिसते. तिथे हंगामी कामगाराला बिगरहंगामात रिटेन्शनची काही टक्के रक्कम देऊन बांधून ठेवले जाते, सोडून गेला तर पुढच्या हंगामाचा हक्क जातो, आणि त्या कौशल्याला शेजारच्या कारखान्याखेरीज गिऱ्हाईक नसते. पगार वर्षभर थकलेल्या कारखान्यातही माणसे टिकून राहिलेली दिसतात, त्याचे कारण निष्ठा एवढेच नाही. याउलट फाउंड्रीतला मोल्डर, सीएनसी (संगणकावर चालणारे यंत्र) चालवणारा किंवा गुणवत्ता तपासणारा माणूस शिरवळ, चाकण, गोकुळ शिरगाव कुठेही उभा राहू शकतो. तो पहिल्या फेरीनंतर बायोडेटा पाठवतो आणि दुसऱ्या फेरीनंतर जातो.

ग्रॅच्युइटीची पाच वर्षांची अट हा आणखी एक खुंटा आहे. १९७२ च्या कायद्याने आलेल्या या रकमेसाठी चार-साडेचार वर्षे झालेली माणसे दात-ओठ खाऊन थांबतात आणि पाच वर्षे भरताच एका गटाने निघतात. वीस-पंचवीस वर्षे झालेल्यांची स्थिती अधिक अवघड असते, कारण जितकी सेवा जास्त तितकी कंपनीकडे अडकलेली रक्कम मोठी. थांबून हाती काय येते, याचा एक धडा जेट एअरवेजने दिला. ऑक्टोबर २००८ मध्ये या कंपनीने सुमारे १,९०० जणांना कमी केले आणि गदारोळ होताच परत घेतले. पुढे दहा वर्षांनी पगार लांबू लागले तेव्हा अनेक वैमानिक आणि अभियंते दुसऱ्या विमान कंपन्यांत गेले. १७ एप्रिल २०१९ रोजी उड्डाणे थांबली. दिवाळखोरी संहितेखाली पुनरुज्जीवनाचे प्रयत्न चालले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनी मोडीत काढण्याचा आदेश दिला. २०१६ च्या या संहितेत कामगारांच्या २४ महिन्यांच्या थकबाकीला तारण असलेल्या बँकांच्या बरोबरीचे स्थान आहे; इतर कर्मचाऱ्यांची १२ महिन्यांची थकबाकी त्यांच्या खाली येते. रांगेत जागा असणे वेगळे आणि रांगेच्या शेवटी काही शिल्लक असणे वेगळे.

साताऱ्याहून पुण्याच्या हिंजवडीतल्या आयटी कंपन्यांत गेलेल्या तरुणांच्या वाट्याला हे सगळे निराळ्या रूपात येते. तिथे कपातीची यादी लागत नाही. एकेकाला बोलावून राजीनामा मागितला जातो, आणि रिलीव्हिंग लेटर व अनुभवाचा दाखला हातात पडावा म्हणून बहुतेक जण तो देतात. त्यामुळे स्वतःहून गेलेला कोण आणि घालवलेला कोण हे कागदावर कधीच कळत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे आणि सरकारी परवानगीची मर्यादा पुन्हा १०० वरून ३०० कामगारांवर गेली आहे. कमी केलेल्या कामगाराच्या नावे १५ दिवसांच्या पगाराइतकी रक्कम पुनर्कौशल्य निधीत भरण्याची नवी तरतूद तिच्यात आहे. सातारा, मिरज, कुपवाडच्या औद्योगिक वसाहतींतले बहुसंख्य कारखाने लहान आणि मध्यम आहेत. शंभर ते तीनशेच्या दरम्यान पटसंख्या असलेल्या कारखान्यांत, परवानगीच्या अडसरामुळे व्हीआरएसच्या चांगल्या रकमेची वाट पाहत थांबणारा पन्नाशीचा कायम कामगार आतापर्यंत सर्वांत शेवटी बाहेर पडत असे. तो अडसर निघाल्यावर कंपनीला चांगली रक्कम देऊ करण्याची गरज कमी होते, आणि तशी रक्कम येणार नसेल तर त्यालाही थांबण्याचे कारण उरत नाही.