अ‍ॅड-हॉक वाय-फाय: राउटरविना जोडणीची पार्श्वभूमी

'अ‍ॅड-हॉक' म्हटलं की आपल्याकडे आधी तासिकेवरचे प्राध्यापक आठवतात. वाय-फायमधला अर्थ फार लांबचा नाही: कामापुरती जोडणी, मध्ये राउटर नाही, दोन्ही लॅपटॉप बरोबरीचे. ही सोय 1997 च्या मूळ 802.11 मानकातच (वाय-फायची तांत्रिक नियमावली) होती, पण सामान्य माणसाच्या हाती ती लागली विंडोज एक्सपीमुळे, 2001 नंतर. भारतात 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा घराबाहेरही परवान्याविना वापरायची मुभा जानेवारी 2005 मध्ये मिळाली. होस्टेलांत तेव्हा राउटर चैनीची वस्तू होती.

प्रत्येक यंत्राला जाळ्यातला पत्ता, म्हणजे आयपी, वाटून देणारं कुणी नसल्यानं मशीन स्वतःच 169.254 ने सुरू होणारा आयपी घेई. एकाकडचं इंटरनेट सगळ्यांना द्यायचं तर शेअरिंग चालू करायचं, की ते मशीन 192.168.0.1 हा पत्ता घेऊन बसे. पासवर्ड बहुधा वेपचा (WEP, वाय-फायची जुनी कुलूपपद्धत), 5 किंवा 13 अक्षरांचा. वेप फोडता येतं हे 2001 मध्येच जगजाहीर झालं होतं. गेम खेळणाऱ्यांना त्याचं सोयरसुतक नव्हतं.

खरा घोळ शब्दाचा आहे. संशोधनात 'अ‍ॅड-हॉक जाळं' म्हणजे निरोप हातोहात पुढे सरकवणारी यंत्रं. लॅपटॉपातल्या अ‍ॅड-हॉकमध्ये तसं काहीच आपोआप होत नाही. अ ला ब दिसतो, ब ला क दिसतो, म्हणून अ चा निरोप क पर्यंत जाईलच असं नाही. वरच्या मजल्यावरच्या मित्राचं मशीन सापडेना की लोक लॅपटॉपातल्या वाय-फाय कार्डाला दोष देत. कार्ड बिचारं निर्दोष असे. पुढे 'हॉटस्पॉट'लाही लोक सर्रास अ‍ॅड-हॉक म्हणू लागले. तिथे तर एक यंत्र राउटरचं सोंग घेतं आणि बाकीचे त्याचे आश्रित. 2010 मध्ये आलेल्या वाय-फाय डायरेक्टच्या (राउटरविना उपकरणं जोडायची नवी पद्धत) नावात 'थेट' आहे खरं, पण गटाचा मालक तिथेही एकच.

मग 2012 साली विंडोज 8 मधून अ‍ॅड-हॉक बनवायची खिडकीच काढली गेली आणि 8.1 मध्ये सोयही गेली. समर्थनाचे मुद्दे खोटे नव्हते: सुरक्षा कच्ची, कार्ड चालवणाऱ्या कित्येक ड्रायव्हर प्रोग्रामांवर वेग 11 मेगाबिटच्या पुढे सरकत नसे, अँड्रॉइड फोनना असं जाळं दिसतही नसे. शिवाय 'फ्री पब्लिक वायफाय'चा इतिहास होता. ओळखीचं जाळं न सापडलं की एक्सपी पूर्वी जोडलेल्या अ‍ॅड-हॉकचं नाव स्वतःच प्रसारित करी, आणि व्हायरस नसतानाही ते नाव विमानतळांवर लॅपटॉपागणिक पसरत गेलं. पण तो दोष 2008 च्या सर्व्हिस पॅक 3 या एक्सपीच्या सुधारणासंचात दुरुस्त झाला होता. दुरुस्त केलेली वस्तू चार वर्षांनी मोडीत का काढायची, हे निदान मला तरी पटलेलं नाही. लिनक्सवर आजही कार्डानं साथ दिली तर दोन-चार कमांडमध्ये काम होतं.

बाकीच्यांनी शेअरइट आणि झेंडर ही फायली पाठवायची अ‍ॅप धरली. तेही आतून फोनचा हॉटस्पॉटच वापरत, आणि जून 2020 मध्ये भारतात बंदी आलेल्या 59 अ‍ॅपमध्ये ही दोन्ही नावं होती.