अडीच सूत आणि आठ एमएम

मे महिन्यात दापोली तालुक्यातल्या एका शाळेची कॉम्प्युटर लॅब लावून द्यायला गेलो होतो. दहा जुनी यंत्रं, दहाही लिनक्सवर, म्हणजे विंडोजसारख्याच पण मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमवर, चालणारी. पेनड्राइव्हमध्ये भूगोलाचा एक छोटा प्रोग्राम होता: नकाशावर क्लिक करा, नदी ओळखा, घाट ओळखा. माझ्या लॅपटॉपवर तो सुरेख चालत होता. शाळेतल्या यंत्रावर डबल क्लिक केलं तर ढिम्म. टर्मिनल, म्हणजे आज्ञा टंकायची खिडकी, उघडून चालवला तेव्हा एका ओळीत उत्तर मिळालं: जीलिबसी २.३४ सापडत नाही. जीलिबसी ही लायब्ररी, म्हणजे अनेक प्रोग्राम मिळून वापरतात त्या तयार कोडचा साठा; २.३४ ही तिची आवृत्ती.

दोन्हीकडे लिनक्सच, प्रोसेसर एकाच जातीचे. मग अडलं कुठे?

वैतागून संध्याकाळी हर्णैच्या बंदरावर गेलो. मासेमारी बंदीला पंधराएक दिवस उरले होते, लिलावाची गडबड चालू होती. एका बोटीवर इंजिन उघडलेलं आणि एक पोरगा नट बसवायला धडपडत होता. मिस्त्रींनी मान वर न करताच सांगितलं, "तो नट आठ एमएमचा हाय रं. बोल्ट अडीच सुती. दोन आटे जाईल, मंग अडकंल." झालंही तसंच.

अडीच सूत म्हणजे इंचाचे पाच सोळांश, ७.९४ मिलिमीटर. आठ एमएमशी फरक सहा शतांश मिलिमीटरचा, तो डोळ्यांना काय दिसणार? पण आटे वेगळे. इंची बोल्टला इंचाला अठरा आटे, म्हणजे दोन आट्यांत १.४१ मिलिमीटर अंतर. आठ एमएमला ते सव्वा मिलिमीटर. सुरुवात जमते, मग प्रत्येक फेऱ्याला फरक साठत जातो आणि नट रुतून बसतो. माझ्या पेनड्राइव्हचं दुखणं नेमकं हेच होतं.

लिनक्स म्हणून आपण जे म्हणतो ते खरं तर फक्त कर्नल: यंत्राची मेमरी, डिस्क, कीबोर्ड सांभाळणारा गाभा. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी तो सुरू केला. त्याभोवती लायब्ररी, खिडक्या, मेनू, फॉन्ट रचून पुरी ऑपरेटिंग सिस्टीम करतात ते डिस्ट्रोवाले, आणि असे डिस्ट्रो ढिगाने आहेत. कोणीही उठावं, कोड घ्यावा, आपल्या पद्धतीने रचावा, ही मुभा हाच मुक्त सॉफ्टवेअरचा जीव. पण मग प्रोग्राम लिहिणाऱ्याने कोणत्या आट्यांवर भरवसा ठेवायचा?

हा प्रश्न लिनक्सच्याही आधीचा. ज्या युनिक्स ऑपरेटिंग सिस्टीमच्या धर्तीवर लिनक्स घडलं, तिचं प्रत्येक कंपनीचं घराणं वेगळं झालं, तेव्हा १९८८ मध्ये पॉझिक्स हे मानक आलं. फाइल कशी उघडायची, नवी प्रक्रिया कशी सुरू करायची, या कामांची नावं आणि वागणूक त्याने ठरवून दिली. मात्र पॉझिक्सचं वचन सोर्स कोडपुरतं, म्हणजे माणसाने लिहिलेल्या कोडपुरतं आहे: तुमचा कोड इथे कंपाइल होईल, म्हणजे यंत्राला चालवता येईल अशा फाइलीत बदलेल, आणि तिथेही होईल. इथे कंपाइल केलेली फाइल उचलून तिथे चालेल, असं ते कुठेच म्हणत नाही. पाककृती सारखी असली म्हणून एका घरचा कुकरचा डबा दुसऱ्याच्या कुकरात बसतोच असं नाही, तशातली गत.

तो डबा बसावा म्हणून खटपट झाली ती लिनक्स स्टँडर्ड बेस या मानकाची. त्याआधी १९९४ मध्ये फाइली कुठल्या फोल्डरात ठेवायच्या याचा करार झाला होता आणि तो बऱ्यापैकी रुजला. प्रोग्राम 'बिन'मध्ये, सेटिंग 'ईटीसी'मध्ये, हे आज लिनक्सवाल्यांना सवयीचं आहे ते त्यामुळे. स्टँडर्ड बेसची पहिली आवृत्ती २००१ ची. कोणत्या लायब्ररी हव्यात, त्यांत कोणती फंक्शन हवीत, पॅकेज, म्हणजे प्रोग्राम बसवायचं गाठोडं, कुठल्या स्वरूपात हवं, सगळं लिहून काढलं. २००६ मध्ये तिला आयएसओचा शिक्काही मिळाला. २०१५ मध्ये पाचवी आवृत्ती आली, आणि त्याच वर्षी डेबियनने, म्हणजे सर्वांत जुन्या आणि मोठ्या डिस्ट्रोंपैकी एकाने, हा नाद सोडला.

का? माझ्या मते बाड फार मोठं झालं. खिडक्या काढणाऱ्या, चित्रं उघडणाऱ्या लायब्ररीसुद्धा त्यात घेतल्या. अशा लायब्ररी दोन-तीन वर्षांत कूस बदलतात आणि कागद मात्र जुन्याच आवृत्तीचं नाव घेऊन बसतो. पॅकेजचं स्वरूप आरपीएम निवडलं, ते रेड हॅट या लिनक्स कंपनीच्या घराण्यातलं. डेबियनचं स्वतःचं वेगळं होतं. आणि एवढं करून, या मानकावर तपासून घेतलेले प्रोग्राम हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच.

जे टिकलं ते लहान होतं. कर्नलचा एक अलिखित पण कडक नेम आहे: आज चालणारा प्रोग्राम उद्याच्या कर्नलमुळे बंद पडता कामा नये. जीलिबसी, म्हणजे प्रोग्राम आणि कर्नल यांच्यामधली सी लायब्ररी, तिचीही तीच शिस्त. एखाद्या फंक्शनची वागणूक बदलली तर जुनं काढून टाकत नाहीत. दोन्ही शेजारी शेजारी राहतात आणि प्रत्येकावर आवृत्तीची चिठ्ठी असते. मिस्त्रींच्या पेटीत जुने इंची नट राहतात तसंच. म्हणून दहा वर्षांपूर्वीचा प्रोग्राम आजच्या लायब्ररीवर चालतो.

उलटं मात्र होत नाही. २.३४ ही आवृत्ती ऑगस्ट २०२१ मधली. तिच्यात प्रोग्राम सुरू करून देणाऱ्या मूळ फंक्शनवरच नवी चिठ्ठी लागली. त्यामुळे तिच्यावर बांधलेला प्रोग्राम, एकही नवी सोय वापरत नसला तरी, २.३४ च मागतो. शाळेतल्या यंत्रांवर २.३१ होती.

यावर सगळ्यांत शहाणी वाट मला पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेवाल्यांची वाटते. २०१६ मध्ये त्यांनी मेनीलिनक्स नावाचा करार केला. त्यात सगळीकडे सापडतातच अशा मोजक्या लायब्ररींची यादी, आणि वर एक अट: जीलिबसी २.५ च्या पुढचं काही मागायचं नाही. २.५ तेव्हा दहा वर्षांची म्हातारी होती. प्रोग्राम मुद्दाम जुन्या यंत्रावर बांधायचा, बाकी लागेल ते सोबत न्यायचं. पुढे ही हद्द २.१७ वर आणली. डिस्ट्रोंना यात काहीच बदलावं लागलं नाही.

दुसरी वाट फ्लॅटपॅकसारख्यांची: स्वतःच्या लायब्ररींचा संसार पाठीवर घेऊनच प्रोग्राम येतो. सोय उत्तम, पण पहिल्याच वेळी शेकडो एमबी उतरवायचे. पुण्यात बसून ते आकडे किरकोळ वाटतात. कोकणात पावसाळ्यात नेट कसं येतं-जातं हे इथल्या माणसाला सांगायला नको. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर तर कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीजही नव्हती.

मी काय केलं? प्रोग्रामचा सोर्स कोड खुला होता. दुसऱ्या दिवशी तो शाळेतल्याच एका यंत्रावर कंपाइल केला, एक ओळ न बदलता. पंखा घरघरत राहिला, तासाभरात फाइल तयार. ती बाकीच्या नऊ यंत्रांवर नेली, निमूट चालली. १९८८ चा पॉझिक्स असा कामाला आला.

सहावीतली एक मुलगी सुट्टी असूनही खिडकीतून डोकावत होती. तिला बसवलं. नकाशा उघडला, सह्याद्रीवर क्लिक केलं. पाटी आली: 'सह्याद्रीच्या दर्या'. आता हे यंत्राचं पाप नव्हे. दऱ्यांमधला झुपकेदार र टंकायला युनिकोड या अक्षरांच्या जागतिक मानकात नुक्त्याचा ऱ, मग हलन्त, मग य, असा क्रम ठरलेला आहे. टंकणाऱ्याने साधा र वापरला, आणि यंत्राने नेमानुसार रफार काढून दाखवला. पूर्वी एकाच्या फॉन्टमधलं मराठी दुसऱ्याच्या यंत्रावर नुसतं चिन्हांचं खेकट व्हायचं. आता सगळीकडे एकच अक्षर दिसतं, चुकलेलं असलं तरी तेच.

मी फाइल उघडून ऱ शोधत बसलो. मुलीने पाटी पुन्हा वाचली, मग खिडकीबाहेर पश्चिमेला बोट दाखवलं. "सर, दर्या तर हिकडं हाय."