वार, व्हिलाय आणि अकराव्या आठवड्यातली सुई

आईचं रक्त पोटातल्या बाळाच्या अंगात फिरतं असं आपल्याकडे चांगली शिकलेली माणसंसुद्धा बिनधास्त म्हणतात. तसं काही नसतं. बाळाचं रक्त त्याचं त्यानेच तयार केलेलं, रक्तगटही बऱ्याचदा वेगळा, आणि नऊ महिने ही दोन रक्तं एकमेकांच्या अगदी जवळून वाहतात पण थोडीफार गळती सोडली तर मिसळत नाहीत. मधे जो पडदा असतो तो वारेतल्या व्हिलायचा, म्हणजे बारीक फांद्याफांद्यांच्या कोंबांचा. वार म्हणजे प्लॅसेंटा, बाळामागून पडते ती, जिच्याबद्दल सुईणी "वार पडली का गं" एवढंच विचारायच्या आणि पडली की पुरून मोकळ्या व्हायच्या. इतकं राबलेल्या अवयवाची एवढीच चौकशी, कमाल आहे.

ही वार आईची नसते हे आधी डोक्यात पक्कं करा. गर्भ राहिल्यावर पाच-सहा दिवसांत पेशींचा एक पोकळ गोळा तयार होतो, त्यातल्या आतल्या थोड्या पेशींचं बाळ होतं आणि बाहेरच्या थराची वार, म्हणजे दोघंही एकाच फलित बीजातून आलेले, जीन्स तेच. आईच्या गर्भाशयाचं अस्तर खालून चिकटलेलं असतं पण मुख्य माल बाळाकडचा. पुढच्या सगळ्या तपासण्या याच गोष्टीच्या जोरावर उभ्या आहेत आणि त्यांची गोची पण इथेच आहे, ते पुढे सांगतो.

तर बाहेरच्या थरातून दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी बारीक बारीक कोंब फुटायला लागतात, आधी भरीव, मग त्यांच्यात आतून मऊ ऊती शिरते, आणि तिसरा आठवडा संपता संपता त्यात बाळाच्या रक्तवाहिन्या तयार झालेल्या असतात. हेच व्हिलाय. यांना फांद्या फुटतात, फांद्यांना आणखी फांद्या, आणि दिवस भरेपर्यंत ही सगळी पसरट मोजली तर साधारण ११-१२ चौरस मीटर भरतात, म्हणजे अर्धा किलोच्या वारेत मुंबईतली दहा बाय बाराची खोली घडी घालून बसवलेली. आईच्या गर्भाशयातल्या रक्तवाहिन्या या फांद्यांच्या मधल्या जागेत रक्त सोडतात, शेवटच्या महिन्यात मिनिटाला अर्धा लिटरच्या वर, आणि व्हिलाय त्या रक्तात बुडलेले असतात. ऑक्सिजन, ग्लुकोज, कॅल्शियम आत, कार्बन डायॉक्साइड आणि युरिया बाहेर. बाळाच्या हिमोग्लोबिनची ऑक्सिजनवरची पकड आईच्या हिमोग्लोबिनपेक्षा घट्ट असते, त्यामुळे ऑक्सिजन तिकडे ओढला जातो. आईच्या अँटीबॉडीजपैकी आयजीजी जातात, आयजीएम जात नाहीत, आणि त्याही मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत, म्हणून फार आधी जन्मलेलं बाळ संसर्गाला जास्त हळवं असतं.

व्हिलायच्या अंगावरचा जो सगळ्यात बाहेरचा थर असतो तो मला या सगळ्या प्रकरणात जास्त आवडतो. हजारो पेशी एकमेकींत विरघळून एकच सलग पत्रा झालेला, आत केंद्रकं भरपूर पण पेशींच्या मधल्या भिंती नाहीत, म्हणजे आईच्या बाजूने कुणाला दोन पेशींच्या फटीतून घुसायचं म्हटलं तर फटच नाही. आणि या पेशींना जोडणारं सिन्सिटिन नावाचं प्रोटीन कुठून आलं तर एका व्हायरसकडून! कोट्यवधी वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांना एक रेट्रोव्हायरस लागला, त्याचा जीन आपल्या डीएनएत कायमचा राहिला, आणि व्हायरस ज्या प्रोटीनने पेशीला चिकटून आत शिरायचा तेच आता वार बनवायला वापरलं जातं. २००० साली हे प्रसिद्ध झालं. घरी दोन रेघांची प्रेग्नन्सी टेस्ट करतात त्यातला एचसीजी हॉर्मोनसुद्धा हाच थर तयार करतो, म्हणजे ती दुसरी रेघ खरं तर वारेची असते, बाळाची नाही.

सुरुवातीच्या दहा-बारा आठवड्यांत आईचं रक्त या जागेत फारसं येतच नाही, वारेच्याच पेशी वाहिन्यांच्या तोंडाशी बूच मारून बसतात. गर्भ तेव्हा कमी ऑक्सिजनमध्येच वाढतो आणि त्याला खाऊ गर्भाशयाच्या ग्रंथींतून मिळतो. नंतर त्याच पेशी त्या वाहिन्यांच्या भिंती पोखरून त्यांना रुंद आणि ढिल्या करतात म्हणजे रक्त भरपूर आणि संथ यावं. हे काम अर्धवट झालं तर पुढे पाच महिन्यांनंतर बीपी चढणं, लघवीत प्रोटीन जाणं, बाळाचं वजन न वाढणं असले प्रकार होतात, प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात तो, आणि त्याचा मुळातून इलाज म्हणजे डिलिव्हरी, कारण वार बाहेर पडल्याशिवाय तो मिटत नाही.

कधीकधी व्हिलायच बिघडतात, पाणी भरून फुगतात आणि द्राक्षाच्या घडासारखे दिसतात, म्हणून त्याला द्राक्षगर्भ म्हणतात. पूर्ण प्रकारात बाळ नसतंच, सगळा डीएनए वडिलांकडचा असतो, आईचं केंद्रक बीजातून गायब झालेलं. पोट रिकामं केल्यावरही एचसीजी शून्यावर येईपर्यंत रक्त तपासत राहावं लागतं कारण काही जणींत त्याचा कॅन्सर होऊ शकतो, तेव्हा "साफ केलं ना, आता कशाला टेस्ट" म्हणून फॉलोअप सोडू नका.

आता सुईकडे येऊ. वार आणि बाळाचे जीन्स तेच असतील तर बाळाला हात न लावता वारेचा तुकडा घेऊन तपासता येईल, एवढा साधा विचार. त्याला सीव्हीएस म्हणतात, कोरिऑनिक व्हिलस सॅम्पलिंग. ११ ते १३ आठवड्यांच्या दरम्यान सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत बघत पोटातून सुई घालतात, किंवा खालून गर्भाशयाच्या मुखातून नळी, आणि थोडे मिलिग्रॅम व्हिलाय सिरिंजमध्ये ओढून घेतात. गर्भजलाची तपासणी, म्हणजे ॲम्निओ, १५ आठवड्यांनंतर, साधारण १६व्याला होते, त्यामुळे सीव्हीएसचा महिनाभराचा फायदा आहे आणि ज्या बाईला निर्णय घ्यायचाय तिच्यासाठी हा महिना फार मोठा असतो.

सॅम्पल लॅबमध्ये आलं की ते पेट्री डिशमध्ये ओततात आणि मायक्रोस्कोपखाली धरतात. गुलाबी पाण्यात रक्ताच्या गुठळ्या, आईच्या अस्तराचे चपटे ढगाळ तुकडे, आणि त्यांच्यात हे व्हिलाय, पांढरे, फांद्या फांद्यांचे, टोकांना बारीक कोंब आलेले, नीट बघितलं तर आत केसासारखी लाल रेघ म्हणजे बाळाची रक्तवाहिनी. मग बारीक चिमट्याने आणि सुईने आईचं सगळं काढून टाकायचं. कंटाळवाणं काम आहे पण टेस्टची सगळी भिस्त त्यावरच, कारण आईचा तुकडा चुकून राहिला तर रिपोर्ट आईचाच येऊ शकतो! म्हणून आईच्या रक्ताचं सॅम्पल पण सोबत घेतात आणि डीएनएच्या खुणा ताडून बघतात की तपासलेला माल खरंच बाळाकडचा आहे.

आपल्याकडे सीव्हीएसचा मोठा उपयोग थॅलॅसेमियासाठी होतो, आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार तो. आई आणि वडील दोघंही मायनर असतील, म्हणजे वाहक, तर प्रत्येक गरोदरपणात मेजर मूल होण्याची शक्यता २५ टक्के, आणि मेजर म्हणजे आयुष्यभर दर काही आठवड्यांनी रक्त चढवणं आणि साठलेलं लोह काढायची औषधं. भारतात सरासरी ३-४ टक्के लोक वाहक आहेत, पण सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली, पंजाबी अशा समाजांत प्रमाण बरंच जास्त, उल्हासनगरकरांना हे वेगळं सांगायला नको. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलचं तसंच. दोघांपैकी कुणात कुठलं म्युटेशन, म्हणजे जीनमधला बिघाड, आहे ते आधी शोधावं लागतं, भारतात आयव्हीएस १-५ नावाचं सगळ्यात जास्त सापडतं, सिंधी-लोहाणांमध्ये ६१९ बेसचा एक तुकडाच गळलेला असतो, आणि मग तेच व्हिलायमध्ये शोधायचं. मुंबईत परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची इम्युनोहिमॅटॉलॉजीची संस्था आहे, तिथे या आजारांची गर्भातली तपासणी अनेक वर्षं चालू आहे.

थॅलॅसेमियासाठी सीव्हीएस फार भरवशाची, कारण आईवडिलांकडून आलेलं म्युटेशन पहिल्या पेशीतच असतं, म्हणजे वारेत आहे तेच बाळात. पण डाउन सिंड्रोमसारखी क्रोमोसोमची संख्या तपासायची असेल तर गोची येते ती इथे. क्रोमोसोम वाटपातली चूक नंतरच्या एखाद्या पेशीतही होऊ शकते, आणि ती नेमकी वारेकडे गेलेल्या पेशीत झाली तर वार बिघडलेली, बाळ चांगलं. सीव्हीएसच्या साधारण १-२ टक्के सॅम्पलमध्ये अशा मिश्र पेशी दिसतात आणि त्यातही बहुतेक वेळा भानगड वारेपुरतीच असते. १९८३ मध्ये कॅनडात कॅलुसेक आणि डिल यांनी हे पहिल्यांदा दाखवलं. असा रिपोर्ट आला तर घाबरून त्याच दिवशी निर्णय घ्यायचा नसतो, थांबून ॲम्निओ करतात, कारण गर्भजलात बाळाच्या अंगावरून सुटलेल्या पेशी असतात.

हल्लीची एनआयपीटी, आईच्या दंडातून रक्त घेऊन होते ती, तिची जाहिरात "बाळाचा डीएनए" अशी करतात. तोही वारेचाच आहे हो! व्हिलायच्या वरच्या थराचे तुकडे मरून आईच्या रक्तात पडतात, त्यांचा डीएनए तिथे तरंगतो, १९९७ मध्ये डेनिस लो आणि सहकाऱ्यांनी तो शोधला. टेस्ट चांगली आहे, पण ती चाळणी आहे, निदान नाही. पॉझिटिव्ह आली म्हणून पुढची तपासणी न करता गर्भपात करणं चूक आहे आणि हे लॅबवाल्यांनी मोठ्या अक्षरांत छापायला हवं असं माझं मत आहे.

धोक्याचं विचाराल तर, जुन्या पुस्तकांत सीव्हीएसने गर्भ पडण्याचं प्रमाण १ टक्का लिहायचे, आताच्या अभ्यासांत सरावलेल्या हातात ते अर्ध्या टक्क्याच्याही खाली येतं. मात्र १० आठवड्यांच्या आधी करायची नाही. १९९१ मध्ये ऑक्सफर्डहून बातमी आली की फार लवकर सीव्हीएस केलेल्या २८९ पैकी ५ बाळांना हातपाय-बोटांचे दोष निघाले, तेव्हापासून सगळे सावध आहेत. आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शन घ्यावं लागतं. आणि पाठीच्या कण्याचे दोष सीव्हीएसमध्ये कळत नाहीत, त्यासाठी सोनोग्राफीच.

या सुईचा एक काळा इतिहास पण आहे. १९७५ मध्ये चीनमधल्या आन्शानच्या एका हॉस्पिटलने सोनोग्राफीशिवाय अंदाजाने नळी घालून १०० बायकांच्या व्हिलायवरून लिंग सांगितलं, आणि त्यानंतर जे गर्भपात झाले ते जवळपास सगळे मुलींचे. आपल्याकडे तेच ॲम्निओने झालं, आणि महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात पहिला कायदा केला, केंद्राचा १९९४ चा. आज सीव्हीएस करायची तर सेंटर नोंदणीकृत लागतं, तपासणीचं कारण कायद्यात बसणारं लागतं (३५ च्या वर वय, घराण्यात आजार, आधीचे गर्भपात वगैरे), आणि 'फॉर्म जी' या संमतीपत्रावर बाईची स्वतःची सही, तिला समजणाऱ्या भाषेत. "मुलगा की मुलगी तेवढं सांगा ना" ही विनंती लॅबमध्ये कुणीही ऐकून घेणार नाही, रिपोर्टमध्ये ते लिहीतच नाहीत.

प्रत्यक्षात अडतं ते वेळेवर. बाई पहिल्यांदा दवाखान्यात येते तिसऱ्या महिन्यात, तिचं एचबीए२ तपासतात (हिमोग्लोबिनचा एक प्रकार, थॅलॅसेमिया मायनरमध्ये वाढलेला असतो), ते साडेतीन टक्क्यांच्या वर निघालं की नवऱ्याला बोलावतात, तो कामावर किंवा गावाला, त्याचा रिपोर्ट येईपर्यंत चौदावा आठवडा उजाडतो, वर म्युटेशन शोधायला आणखी दिवस, आणि सीव्हीएसची वेळ गेलेली असते. मग ॲम्निओ, त्याचा रिपोर्ट, आणि गर्भपाताच्या कायद्यातली २० आठवड्यांची पहिली हद्द जवळ आलेली. २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भात गंभीर दोष असेल तर मेडिकल बोर्डाच्या परवानगीने २४ आठवड्यांनंतरही जाता येतं, पण तोवर बाळ हालायला लागलेलं असतं. एचबीए२ची टेस्ट लग्न ठरतानाच दोघांची करून घेतली तर यातली निम्मी धावपळ वाचते, पण पत्रिका बघायला वेळ असणाऱ्या घरांत ही चिठ्ठी मागायची म्हटलं की अजूनही तोंडं वाकडी होतात.