पुढच्या चाकाकडून खटखट येतेय? कुठून ते नंतर, कधी येते ते आधी बघा

गाडीच्या पुढून आवाज यायला लागला की बहुतेक जण कान टवकारून डावीकडून येतोय का उजवीकडून हेच शोधत बसतात आणि तिथेच गडबड होते, कारण जागा कानाला नीट कळतच नाही. हवेतून आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, पोलादातून 5000 मीटरच्याही वर, त्यामुळे खाली एखाद्या सांध्यात बसलेला ठोका क्षणात सबफ्रेम (खालची पोलादी चौकट), स्ट्रट (शॉक अॅब्सॉर्बर आणि स्प्रिंगची जोडी), बॉडी असा सगळीकडे पोचतो आणि जो पत्रा जास्त थरथरतो तिथून आपल्याला ऐकू येतो. उजव्या चाकाची खटखट डॅशबोर्डच्या मधोमध वाजते ती अशी. जागा फसवते, पण वेळ सहसा फसवत नाही. नेमकं काय केल्यावर आवाज येतो एवढं नीट लक्षात ठेवलं तरी अर्धं काम गॅरेजला जायच्या आधीच होतं.

पहिला प्रश्न, आवाज चाकाच्या फिरण्याबरोबर येतो की खड्ड्यांबरोबर? ताशी 60 च्या वेगाला छोट्या गाडीचं चाक सेकंदाला साधारण 9 वेळा फिरतं. गुळगुळीत रस्त्यावरही वेगाबरोबर चढत जाणारी घरघर असेल तर सस्पेन्शनला, म्हणजे चाकांचे धक्के झेलणाऱ्या भागांना, हात लावू नका, व्हील बेअरिंग (ज्यावर चाक फिरतं ते) नाहीतर टायर बघा. उजवीकडच्या वळणावर वजन डाव्या चाकावर येतं, म्हणून तेव्हा घरघर वाढली तर संशय डाव्या बेअरिंगवर. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी पुढे काढताना कट-कट-कट येत असेल तर बाहेरचा सीव्ही जॉइंट (इंजिनची ताकद वळत्या चाकाला देणारा सांधा), आणि त्याचं रबरी बूट फाटून चाकाच्या आतल्या बाजूला सगळीकडे ग्रीस उडालेलं बहुतेक वेळा दिसतंच.

खड्ड्यांबरोबर येणारी खटखट म्हणजे खरं सस्पेन्शन, आणि इथे माझं पहिलं बोट नेहमी लिंक रॉडकडे जातं. दोन्ही चाकांना जोडणारा एक जाड स्टॅबिलायझर बार असतो, त्याची टोकं या लिंकनी स्ट्रटला नाहीतर लोअर आर्मला (चाकाला सबफ्रेमशी जोडणारा खालचा दांडा) बांधलेली असतात. स्पीड ब्रेकरवर गाडी सरळ चढवली की दोन्ही चाकं एकदम वर येतात, बार नुसता आपल्या बुशमध्ये (रबरी आवरणात) फिरतो, पिळला जात नाही, लिंकवर फारसा ताण येत नाही. पण एकच चाक खड्ड्यात गेलं की बार पिळला जातो आणि लिंकच्या छोट्या बॉल जॉइंटमध्ये (गोल डोक्याच्या सांध्यात) मिलिमीटरभर जरी ढिलाई असली तरी पोलादावर पोलाद आपटतं. म्हणून दोन्ही करून बघा, हळू, काचा खाली, रेडिओ बंद. दोन्ही चाकांना शांत आणि एका चाकाला खटखट असेल तर बहुतेक लिंकच. आता गंमत अशी की मेकॅनिक एकाच बाजूला जॅक लावून चाक लटकवतो, त्याने बार पिळून लिंक ताणली जाते, ढिलाई लपते आणि उत्तर येतं "सगळं टाइट आहे". लिंक तपासायची तर दोन्ही चाकं सारख्या उंचीवर हवीत.

ब्रेक मारताना एकदाच धप्प आणि रिव्हर्स घेताना परत एकदा धप्प, हे लोअर आर्मच्या बुशचं लक्षण, रबर फाटलं की आर्म पुढेमागे सरकतो. याउलट खराब रस्त्यावर ब्रेकवर हलका पाय ठेवताच खडखड थांबली तर ब्रेकचा पॅड किंवा तो दाबणारा कॅलिपर ढिला आहे.

उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना टंग असा आवाज आला तर स्ट्रटचा वरचा माउंट, म्हणजे तो बॉडीला जोडणारी बैठक, बघा. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो, अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन इंजिनिअरची 1940 च्या दशकातली रचना, आणि त्यात स्टिअरिंगबरोबर स्प्रिंगसुद्धा फिरते. माउंटचं बेअरिंग अडकलं की स्प्रिंग पिळत जाते आणि मग एकदम सुटते.

चूंचूं किंवा करकर वेगळी. तिथे दोन पृष्ठभाग अडकतात, सुटतात, परत अडकतात, फळ्यावर खडू किरकिरतो तसं. बुशवर थोडं पाणी मारलं आणि आवाज काही वेळ बंद झाला तर दोषी सापडला. डिझेल किंवा इंजिन ऑइल मात्र मारू नका, नैसर्गिक रबर त्याने फुगतं आणि खराब होतं.

यात एक गोष्ट अशी आहे जिच्या दुरुस्तीला अजिबात उशीर करायचा नाही, लोअर आर्मचा बॉल जॉइंट. तो निसटला तर चालत्या गाडीचं चाक दुमडतं. चाक उचलून, गाडी स्टँडवर पक्की टेकवून, टायर वरखाली धरून हलवायचा, खेळ (ढिलाई) जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगायचं, खेळ गेला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट. आडवं धरून हलतं तेव्हा बहुधा टाय रॉड एंड (स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा), आणि तो बदलला की अलाइनमेंट करावीच लागते.

बुश बदलून घेताना एक आवर्जून सांगा, रबरी बुशचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडीचं वजन चाकांवर असताना. चाक लटकत असताना आवळले तर गाडी खाली आल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं, लवकर फाटतं आणि नवा पार्ट टाकूनही तोच आवाज परत येतो.